पहिली कोण, यापेक्षा दुसरी कशी आली?

दरवर्षी ३१ मार्चला आनंदीबाई जोशींची जयंती येते, १८ जुलैला कादंबिनी गांगुलींची. दोन्ही दिवशी समाजमाध्यमांवर तोच वाद नव्याने पेटतो. पहिली भारतीय महिला डॉक्टर आमची की तुमची? मराठी माणूस ११ मार्च १८८६ ही आनंदीबाईंच्या पदवीची तारीख पुढे करतो. बंगाली माणूस म्हणतो, त्यांनी भारतात एक दिवसही वैद्यकी केली नाही. कादंबिनीबाई इथेच शिकल्या, इथेच रोगी तपासले. मग तिसरा कोणी तरी डॉ. रखमाबाईंचं नाव घेऊन येतो आणि दोघांनाही गप्प करू बघतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या बाबतीत हेच. एकाने 'पहिली शिक्षिका' म्हटलं की दुसरा मिशनऱ्यांच्या शाळेचं जुनं साल शोधून आणतो. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी तर या प्रश्नाचा रकानाच करून टाकला आहे: पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक, गुण एक.

या वादात कोण बरोबर आहे हे ठरवण्यात मला रस नाही, कारण वादाचा प्रश्नच अपुरा आहे असं माझं मत आहे. 'पहिली' हा मान पुष्कळदा त्या बाईपेक्षा तिला आत घेणाऱ्या व्यवस्थेबद्दल जास्त सांगतो. एखादा अपवाद करणं व्यवस्थेला फारसं जड जात नाही. अपवादाचं कौतुक करता येतं, त्याच्यासोबत फोटो काढता येतो, आणि नियम होता तसा ठेवता येतो. म्हणून कर्तृत्व मोजायचं असेल तर पहिलीच्या मागून दुसरी आली का, आणि आली तर कशी, हे आधी बघायला हवं.

हे हवेतलं बोलणं नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८४९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना प्रवेश कसा मिळाला? प्राध्यापकांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला, आणि कोणी तरी आपली थट्टा करतंय असं समजून पोरांनी हात वर केले. पुढे त्यांची धाकटी बहीण एमिली त्याच कॉलेजच्या दारात उभी राहिली तेव्हा तिला नकार मिळाला. इंग्लंडात एलिझाबेथ गॅरेट यांनी सोसायटी ऑफ अपोथेकरीज या संस्थेच्या नियमातली फट हेरून १८६५ मध्ये वैद्यकीचा परवाना मिळवला. सोसायटीने काय केलं? थोड्याच काळात नियम बदलून ती फट बुजवली. १८७३ मध्ये गॅरेटबाई ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सदस्य झाल्या. मग असोसिएशनने ठराव करून बायकांना बंदी घातली आणि तब्बल १९ वर्षं त्या तिथल्या एकट्याच स्त्री-सदस्य राहिल्या. एकोणीस वर्षं 'पहिली' आणि 'एकमेव' असण्यात कसला आला आहे गौरव? ही तर कैद झाली.

या बायकांना हे कळलेलं होतं. ब्लॅकवेल भगिनींनी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचं रुग्णालय काढलं आणि १८६८ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय. लंडनमध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय उभं केलं, गॅरेट तिथे शिकवायला गेल्या. फिलाडेल्फियात तर १८५० मध्येच स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं होतं. आनंदीबाई शिकल्या त्या या कॉलेजात. म्हणजे आपण ज्यांना 'पहिली' म्हणून मिरवतो त्या स्वतः एका ३० वर्षं जुन्या, रुळलेल्या वाटेने गेल्या होत्या. तिथला १८८५ सालचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आहेत. आपापल्या देशात तिघींचीही ओळख 'पहिली' अशीच. एका कॉलेजच्या एका फोटोत तीन देशांच्या तीन 'पहिल्या' बसाव्यात, हा काय योगायोग आहे? तिघींच्या धाडसाला तोड नाही, पण ते धाडस जाऊन टेकेल अशी संस्था कोणी तरी आधी बांधून ठेवली होती.

आता आपल्याकडे बघू. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या, वय २१. केसरीने त्यांचा गौरव केला. त्याआधी टिळकांनी त्यांना पत्र लिहून शंभर रुपयांची मदतही केली होती. बरोबर सहा दिवसांनी, ४ मार्चला, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना हुकूम दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी लावून दिलेलं ते लग्न मला मान्य नाही असं त्या म्हणत होत्या, आणि हुकूम ऐकल्यावर तुरुंग पत्करेन म्हणाल्या. त्या खटल्यात केसरी कोणाच्या बाजूला होता? रखमाबाईंच्या विरुद्ध. टिळकांच्या बाजूने सांगण्यासारखं आहे, नाही असं नाही. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये हा त्यांचा मुद्दा नुसता कांगावा नव्हता. पण एकाच आठवड्यात एकीचा गौरव आणि दुसरीला विरोध, हे एका जागी ठेवून बघा. आनंदीबाई नवऱ्याच्या आग्रहाने शिकल्या, धर्म आणि पोशाख सांभाळून परत आल्या, व्यवस्थेला त्यांच्याकडून धोका नव्हता. रखमाबाईंचा 'नाही' जर कोर्टात टिकला असता तर तो उद्या घरोघरी ऐकू आला असता. आपल्या समाजाला पहिली चालते. धास्ती असते ती दुसरीची, तिसरीची, शंभरावीची.

रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या ती कहाणी मला या सगळ्या वादापेक्षा जास्त मोलाची वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात जेक्स-ब्लेक यांच्यासोबत वैद्यक शिकायला शिरलेल्या मुलींत एडिथ पेची होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या चमकल्या, पण ठरलेली शिष्यवृत्ती त्यांना डावलून एका मुलाला दिली गेली. १८७० च्या नोव्हेंबरात परीक्षेला निघालेल्या या मुलींवर जमावाने चिखल फेकला. शेवटी १८७३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की मुलींना प्रवेश देण्याचा विद्यापीठाला मुळात अधिकारच नव्हता. अख्खी लढाई हरली. त्या पराभवातून लंडनचं विद्यालय जन्मलं आणि बायकांना वैद्यकीचा परवाना देण्याची मुभा संस्थांना देणारा १८७६ चा कायदाही झाला. पेचींनी बर्नमधून पदवी मिळवली, डब्लिनमधून परवाना, आणि १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. कोणी आणलं? सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी यांनी वर्गणी गोळा करून, भारतातल्या बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात म्हणून. पेस्तनजी होरमसजी कामांनी रुग्णालयासाठी पैसा दिला. त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार मुलींना उघडलं. हे कामा रुग्णालय पेचींनी उभं केलं, आणि याच पेचींनी खटल्यातून सुटलेल्या रखमाबाईंच्या पाठीवर हात ठेवला. दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने १८८८ मध्ये दावा सोडला. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या, आणि कुठे शिकल्या? जेक्स-ब्लेक यांनी काढलेल्या त्या विद्यालयात. एडिंबराच्या चिखलापासून सुरतच्या दवाखान्यापर्यंत ही साखळी अखंड आहे. १८९५ पासून रखमाबाईंनी सुरतला आणि नंतर राजकोटला मिळून तीनेक दशकं काम केलं. या साखळीत 'पहिली' नेमकी कोणाला म्हणायचं, हे मला तरी सांगता येणार नाही. सांगायची गरजही वाटत नाही.

बंगालची हकिगतही याहून वेगळी नाही. १८८२ मध्ये अबला दास या मुलीला कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला नाही म्हणून ती मद्रासला गेली, कारण मद्रासने १८७५ मध्येच मुलींना वर्गात घेतलं होतं. आजारपणामुळे तिला शिक्षण पुरं करता आलं नाही. पण नकाराची ती चर्चा ताजी असतानाच कादंबिनीबाईंना कलकत्त्यात प्रवेश मिळाला. त्यांच्यामागून काही वर्षांतच विधुमुखी बसू आणि व्हर्जिनिया मेरी मित्र तिथूनच डॉक्टर झाल्या. कादंबिनीबाईंना एका बंगाली पत्राने वेश्या म्हटलं, त्यांनी संपादकाला कोर्टात खेचलं आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. यातलं कोणतं कर्तृत्व '१८८६ मध्ये कोण आधी' या प्रश्नात मावतं?

आता विरुद्ध बाजू. ती कच्ची नाही.

पहिला आक्षेप असा: पहिलीचं महत्त्व संस्थेने मोजता येत नाही, ते मनात घडतं. एका ब्राह्मण घरातली, नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी मूल गमावलेली मुलगी समुद्र ओलांडून डॉक्टर होऊन येते, ही बातमीच पुष्कळ काम करते. हे मला मान्य आहे. आनंदीबाईंचं मराठीतलं चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिलं, ते वाचून घराघरांतल्या मुलींना काय वाटलं असेल याची मोजदाद कोणत्याही अहवालात नसते. पण हा आक्षेपही नीट पाहिला तर 'पहिली'च्या पदवीपेक्षा त्या कहाणीच्या बाजूने आहे. आनंदीबाईंच्या आधी कोणी दुसरी डॉक्टर झाली होती असं उद्या सिद्ध झालं, तर ती कहाणी फिकी पडेल का? जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी कारण सांगितलं ते देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे. पहिलं येण्याची हौस त्यात कुठेच नव्हती. ती हौस आपली.

दुसरा आक्षेप खरा धारदार आहे. ज्यांना इतिहासात जागाच दिली गेली नाही त्यांच्यासाठी 'पहिली' हा हक्काचा दाखला असतो. सावित्रीबाईंना पाठ्यपुस्तकात, चौकात, विद्यापीठाच्या नावात जागा मिळाली ती कित्येक दशकांच्या मागणीनंतर. आता ती मिळते आहे तोवर कोणी तरी शहाणा उठून म्हणतो की पहिलं-दुसरं सोडा हो, त्यात काय एवढं. ज्यांच्या आज्या-पणज्यांचे मान आधीच भिंतीवर लागलेले आहेत त्यांना हे म्हणणं सोपं आहे. हा संशय रास्त आहे, आणि माझ्यासारख्याने तो ऐकून घ्यायलाच हवा.

तरीही माझं म्हणणं असं की सावित्रीबाईंचा दावा 'पहिली' या एका खुंटीवर टांगणं धोक्याचं आहे, कारण ती खुंटी विरोधकाला हलवता येते. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्ये काढली होती, मार्गारेट विल्सनबाईंची १८२९ ची. नगरला सिंथिया फरारबाई शिकवत होत्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडेच घेतलं. हे साल पुढे टाकून जिंकल्याचा आव आणणारे दरवर्षी भेटतात. 'त्या परदेशी, ह्या भारतीय' असं उत्तर दिलं जातं, ते चूकही नाही, पण मग वाद दाखल्यांच्या तपशिलात अडकतो आणि भिडेवाड्यातली शाळा बाजूलाच राहते. १८४८ मध्ये पुण्यात, पेशवाई जाऊन तीस वर्षं झालेल्या शहरात, माळी घरातली सतरा वर्षांची सून मुलींना शिकवते. सासऱ्याने घराबाहेर काढलं तरी थांबत नाही. पुढे शाळा वाढतात आणि त्यांत महार-मांगांच्या मुली येतात. या कामाला सालाची शर्यत कशाला हवी?

आणि त्या शाळेतली 'दुसरी' कोण? मुक्ताबाई. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नाही म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल तिने त्यात केला आहे. थोड्याच वर्षांत अक्षरओळखीपासून या सवालापर्यंत. सावित्रीबाईंच्या मोठेपणाचा याहून भक्कम पुरावा कोणता असू शकतो मला माहीत नाही. मिशनच्या शाळा आधीच्या होत्या, असू देत. असा सवाल छापून आणणारी मुलगी या शाळेतून आली. पण 'मुक्ताबाई कोण' हा प्रश्न परीक्षेत क्वचित येतो. रकान्यात बसत नाही ना.

'पहिली'च्या हव्यासाने उलट नुकसान कसं होतं याचं ताजं उदाहरण सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख. त्यांच्याबद्दल कागद थोडे आहेत. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये माहेराहून, आजारपणात जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे: माझ्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही अशा अर्थाचा. एका सहकारिणीबद्दल याहून जिव्हाळ्याचं काय लिहायचं? पण आपल्याला 'पहिली मुस्लिम शिक्षिका' हवी होती, म्हणून जन्मतारखेपासून चित्रापर्यंत सगळं जमवलं गेलं. मग २०२५ च्या जानेवारीत कोणी म्हणालं की हे पात्रच बनावट आहे, आणि जमवलेल्या तपशिलांच्या ढिगाऱ्यासोबत ते खरं पत्रही लोक फेकून देऊ लागले. जेवढं आहे तेवढ्यावर थांबलो असतो तर ही पाळी आली नसती.

तिसरा आक्षेप अचूकतेचा. साल हे साल आहे, कोण आधी हे इतिहासाला ठाऊक असायलाच हवं. हवंच. पण अचूकतेचा आग्रह धरायचा तर हरलेल्यांची सालंही लिहा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, हे सगळे सांगतात. १९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा यांचा आणि १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचा वकिलीचा अर्ज उच्च न्यायालयांनी फेटाळला, हे किती जण सांगतात? कायद्यातल्या 'व्यक्ती'त बाई बसत नाही असं न्यायालयं म्हणाली, ते नकार इतके ठसठशीत होते की बायकांना वकिली करता यावी म्हणून १९२३ मध्ये कायदाच करावा लागला. पहिल्यांच्या यादीत या दोघी नाहीत, कारण त्या 'झाल्या' नाहीत.

विज्ञानातही हीच गत. कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत) १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग अटींवर घेतलं: वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून गणणार नाही, मार्गदर्शक म्हणतील तेव्हा रात्रीही काम करायचं, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही. कमलाबाईंनी हे सोसलं, आणि त्यानंतर संस्थेने मुलींना घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या केंब्रिजच्या पीएच.डी.बद्दल आपण भरभरून लिहितो. मला तो बंगळूरचा हट्ट मोठा वाटतो. पण दार उघडलं म्हणजे सगळं झालं का? रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे आलेल्या ॲना मणी यांनी हिरे-माणकांच्या वर्णपटावर पाच शोधनिबंध लिहिले, एम.एस्सी. नाही या सबबीवर मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्या लंडनला गेल्या, परतल्यावर पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणं देशात बनवू लागल्या. दुसरी आत येते तेव्हा दाराच्या आतली दारं दिसू लागतात. पहिलीच्या वेळी ती दिसत नाहीत, कारण तिथवर कोणी पोचलेलंच नसतं.

आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती, हे आपण हळहळून सांगतो. त्या गेल्यावर त्या रुग्णालयात कोण आलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शाहू महाराजांच्या काळात, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथे रुजू झाल्या. करुण मृत्यू नाही, 'पहिली' तर नाहीच. मुंबईत शिकायची सोय होती, कोल्हापुरात नोकरी होती, त्यांनी काम केलं. आनंदीबाईंना जे हवं होतं ते बहुधा हेच असावं, आणि कोल्हापूरबाहेर कृष्णाबाईंचं नाव किती जणांना माहीत आहे?

३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सतरा जणी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परीक्षेचं दार उघडायला लावलं म्हणून. वर्तमानपत्रांत दिवसभर 'पहिल्या' हा शब्द होता, आणि त्या मुलींच्या मेहनतीला तो शोभलाही. पण या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न न्यायालयाने त्याआधीच, २०२२ च्या जानेवारीत सरकारला विचारून ठेवला होता: पहिल्या वर्षी मुलींना १९ जागा ठेवल्या हे समजू शकतं, पण पुढच्या वर्षीही १९ च का?